नखाएवढा पेन ड्राइव्ह रोज वापरताय? तो बिघडण्याआधी हरवेल, त्याची तयारी आधी करा

लॅपटॉपच्या पोर्टात एखादा प्लग अर्धवट तुटून अडकलाय की काय, असं वाटावं इतका छोटा पेन ड्राइव्ह तुम्ही पाहिला असेल. दुकानात तो 'नॅनो', 'मिनी' किंवा 'फिट' या नावांनी मिळतो. सॅनडिस्कचा अल्ट्रा फिट आणि सॅमसंगचा फिट प्लस ही त्यातली ओळखीची मॉडेल्स. पोर्टात घातल्यावर त्याचा जेमतेम एखादा सेंटीमीटर, कधी त्याहून कमी भाग बाहेर दिसतो. गाडीच्या म्युझिक सिस्टीमला किंवा टीव्हीच्या मागे एकदा लावला की महिनोन्‌महिने काढावा लागत नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला तर खिशात असल्याचं जाणवतही नाही.

जाणवत नाही, हीच त्याची सोय आहे आणि हीच त्याची अडचण. मोठ्या पेन ड्राइव्हबद्दल आपण 'खराब होईल का' ही काळजी करतो. या छोट्याच्या बाबतीत आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तो उद्या हरवला तर काय जाईल, आणि कोणाच्या हातात जाईल?

इतका छोटा होतो तरी कसा?

यूएसबीचा नेहमीचा चौकोनी प्लग सुमारे १२ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड असतो. ड्राइव्ह याहून बारीक करून उपयोग नाही, कारण पोर्टच तेवढं आहे. म्हणून कंपन्यांनी लांबी कमी केली. नेहमीच्या पेन ड्राइव्हमध्ये एक हिरवी पट्टी असते, तिच्यावर डेटा साठवणारी मेमरी चिप वेगळी आणि तिचा कारभार पाहणारी कंट्रोलर चिप वेगळी. नॅनो ड्राइव्हमध्ये बहुतेक वेळा हे सगळं एकाच काळ्या, पातळ तुकड्यात भरलेलं असतं. हा तुकडा प्लगच्या आतच बसतो. बाहेर राहतं ते फक्त बोटाने धरायचं टोक.

या रचनेचा एक फायदा आहे. चार-पाच सेंटीमीटर बाहेर आलेल्या लांब ड्राइव्हला गुडघा किंवा बॅग लागली की तो तरफेसारखा काम करतो आणि लॅपटॉपचं पोर्टच वाकवतो. नॅनोला ती भीती फार कमी.

तोटा मात्र संकट आल्यावर कळतो. साध्या ड्राइव्हचा प्लग तुटला तर जाणकार कारागीर तो पुन्हा सोल्डर करू शकतो, किंवा मेमरी चिप सोडवून तिच्यातला डेटा वाचू शकतो. एकसंध तुकड्यात सोडवायला वेगळं असं काही नसतं. वरचा थर खरवडून आतल्या अतिसूक्ष्म संपर्कबिंदूंना केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. हे काम मोजक्या डेटा रिकव्हरी लॅब करतात आणि त्याचा खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या कित्येक पट येतो. गल्लीतल्या मोबाइल रिपेअरिंगवाल्याने 'बघतो' म्हटलं, तरी फार आशा ठेवू नका.

पेन ड्राइव्ह आपल्याकडे आले तेव्हा ते खरंच पेनसारखे लांबट होते आणि खिशाला अडकवायला क्लिपही असायची. २००० साली सिंगापूरच्या ट्रेक २००० या कंपनीने 'थम्बड्राइव्ह' आणला. त्याच वर्षाच्या शेवटी इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला ८ एमबीचा ड्राइव्ह आयबीएमने अमेरिकेत विकायला काढला. ८ एमबी म्हणजे आज मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेले दोन-तीन फोटो, पण तेव्हाच्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुढे ती चैन होती. आता पेनचा आकार गेला, नाव तेवढं राहिलं.

रोज लिहून-पुसून तो झिजतो का?

झिजतो, पण आपण समजतो तसा नाही. फ्लॅश मेमरीतल्या प्रत्येक कप्प्यात लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. स्वस्त ड्राइव्हमध्ये सर्रास असणाऱ्या टीएलसी प्रकारात ती साधारण हजार ते काही हजार वेळा धरली जाते. आता ढोबळ हिशेब करा. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर तुम्ही रोज १ जीबी लिहिलंत तर तो एकदा पूर्ण भरायला ६४ दिवस लागतात. असं हजार वेळा व्हायला पावणेदोनशे वर्षं. प्रत्यक्षात झीज इतकी समान होत नाही, त्यामुळे आकडा बराच खाली येतो. तरी गाणी, पीडीएफ, प्रेझेंटेशन यांची ने-आण करून ड्राइव्ह झिजवणं अवघड आहे.

सीसीटीव्ही किंवा डॅशकॅमचं चोवीस तास रेकॉर्डिंग, किंवा त्यावरूनच विंडोज किंवा लिनक्स चालवणं ही गोष्ट निराळी. तिथे सतत बारीकसारीक लिखाण चालू असतं आणि नॅनो ड्राइव्ह त्यासाठी केलेला नसतो. डॅशकॅमसाठी 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली मेमरी कार्डं मिळतात, ती घ्या.

झिजेपेक्षा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. लांब ड्राइव्हला उष्णता पसरवायला जागा असते, नॅनोला ती नसते. मोठी फाइल कॉपी करताना तो हाताला चांगलाच गरम लागतो आणि स्वतःला सांभाळण्यासाठी वेग कमी करतो. कॉपी सुरुवातीला जोरात होऊन मग एकदम रेंगाळते, त्याचं एक कारण हेच. लगेच उपटून पुन्हा लावू नका, निवू द्या.

गाडीत हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात काचा बंद करून लावलेली गाडी आतून त्याहून खूप जास्त तापते. अनेक ड्राइव्हची चालण्याची मर्यादा ६० अंशांपर्यंत असते, काहींची आणखी कमी. गाडीतल्या ड्राइव्हवर फक्त गाणी ठेवा, तीही ज्यांची मूळ प्रत घरी आहे अशीच. लग्नाचा व्हिडिओ 'सहज सापडावा म्हणून' गाडीत ठेवणारे लोक आहेत. त्यांनी आजच तो काढून आणावा.

माऊस अडखळतोय? ड्राइव्ह बाजूच्या पोर्टला लावून पाहा

ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. यूएसबी ३.० चं काम सुरू असताना त्यातून निघणारा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. त्यामुळे वेगवान ड्राइव्ह आणि माऊसचा रिसीव्हर शेजारी-शेजारी असतील तर कॉपी चालू असताना माऊस अडखळतो, कधी ब्लूटूथ हेडफोनही तुटक वाजतो. माऊस बिघडलेला नसतो. दोघांपैकी एकाला लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.

कायम लावून ठेवलेल्या ड्राइव्हचा आणखी एक घोळ म्हणजे सुरू होताना लॅपटॉप कधीकधी त्याच्यावरच विंडोज शोधत बसतो आणि काळ्या स्क्रीनवर इंग्रजी संदेश येतो. घाबरायचं कारण नाही. ड्राइव्ह काढून पुन्हा चालू करा, आणि जमल्यास बायोसमध्ये आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर ठेवा.

घेताना: आकडे कुठे फसवतात

६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ जीबी दिसतो. ही फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, एवढाच फरक. पाकिटावर ठळक छापलेला वेग मात्र बहुतेकदा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग त्याच्या निम्मा-पावही नसतो आणि पाकिटावर तो अनेकदा नसतोच.

खरी फसवणूक आहे ती काहीशे रुपयांत १ टीबी, २ टीबी देणाऱ्या जाहिरातींची. या ड्राइव्हच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत १६ किंवा ३२ जीबी असते, कॉम्प्युटरला १ टीबी दाखवली जाते. तेवढी जागा भरेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यानंतर फाइलचं नाव दिसतं, पण आत काही नसतं, किंवा नवीन फाइल जुनीवर लिहिली जाते. रिटर्नची मुदत तोवर संपलेली असते. म्हणून नवा ड्राइव्ह आल्याच दिवशी तपासा. विंडोजसाठी 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स, मॅकसाठी 'एफथ्री' ही मोफत साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून पाहतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

फॉरमॅटचं थोडक्यात सांगायचं तर बहुतेक गाड्यांचे आणि जुन्या टीव्हींचे प्लेअर फॅट३२ ओळखतात, पण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींवर मोठ्या फाइल न्यायच्या असतील तर एक्सफॅट निवडा. मॅकवरून गाणी भरली आणि गाडीत प्रत्येक गाणं दोनदा दिसून एक वाजतच नसेल, तर त्या मॅकने सोबत टाकलेल्या छुप्या फाइल आहेत, गाडीचा दोष नाही.

झेरॉक्सच्या दुकानात काय होतं?

आपल्याकडे पेन ड्राइव्हचा सगळ्यात जास्त वापर कुठे होत असेल, तर तो इथे. जून-जुलैमध्ये प्रवेशाचे दिवस आले की गुणपत्रिका, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आधार असं सगळं एका ड्राइव्हवर घेऊन मुलं झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतात. दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरला दिवसभरात शंभर जणांचे ड्राइव्ह लागतात. तुमच्या आधीच्या नव्वद जणांपैकी एकाच्या ड्राइव्हमध्ये व्हायरस असेल, तर तो तुमच्याकडे येऊ शकतो.

त्यातला ओळखीचा प्रकार म्हणजे 'शॉर्टकट व्हायरस'. घरी येऊन पाहिलं तर सगळ्या फोल्डरच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसतात. फाइल बहुतेक वेळा तिथेच असतात, व्हायरसने त्या लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबलक्लिक केलं की फोल्डर उघडतो खरा, पण सोबत व्हायरसही तुमच्या लॅपटॉपवर चालू होतो. म्हणून क्लिक करू नका आणि घाईने फॉरमॅटही करू नका. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हिडन फाइल्स' दाखवा हा पर्याय निवडा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' लपवा यावरची खूण काढा. मूळ फोल्डर दिसू लागतील. त्यातले फक्त ओळखीचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा आणि त्यानंतर ड्राइव्ह फॉरमॅट करा.

ड्राइव्ह लावल्याबरोबर आपोआप प्रोग्राम चालू होण्याची सोय विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हसाठी काढून टाकली आणि २०११ मध्ये एक्सपी, व्हिस्टासाठीही तसा अपडेट दिला. त्यामुळे आज अशा व्हायरसला बहुतेक वेळा तुमच्या क्लिकची गरज लागते. क्लिक न करण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

जुन्या काही पेन ड्राइव्हवर 'फक्त वाचा' असं करणारं बारीक बटण असायचं. ते लावलं की दुकानाचा कॉम्प्युटर ड्राइव्हवर काही लिहूच शकत नसे. नखाएवढ्या ड्राइव्हवर ते बसवणार कुठे? त्याऐवजी दुकानासाठी एक वेगळा, कमी क्षमतेचा ड्राइव्ह ठेवा आणि त्यावर त्या दिवशी छापायच्या फाइलशिवाय काहीही ठेवू नका. परत आलात की फॉरमॅट करा. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्ड पाठवण्यापेक्षा हे बरं, कारण तिथे ती फाइल त्याच्या फोनमध्ये कायमची राहते. अर्थात ड्राइव्हवरूनही फाइल आधी दुकानाच्या डेस्कटॉपवर कॉपी करून छापण्याची सवय अनेकांना असते. छापून झालं की 'दादा, तेवढी फाइल डिलीट करा' असं सांगायला लाजू नका.

फाइल शक्यतो पीडीएफ करून न्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला मराठी अर्ज त्या दुकानात तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन बाहेर येतो, आणि दोष पेन ड्राइव्हला दिला जातो.

हरवला तर? दोन शहरं, दोन ड्राइव्ह

ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनच्या रस्त्यावर एका माणसाला पेन ड्राइव्ह सापडला. त्याने तो एका ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. त्यात हीथ्रो विमानतळाशी संबंधित ७६ फोल्डर आणि हजाराहून जास्त फाइल होत्या. ड्राइव्हला ना पासवर्ड होता, ना त्यावरचा डेटा कुलूपबंद होता. ड्राइव्ह वर्तमानपत्राकडे गेला आणि बातमी जगभर झाली. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने विमानतळ कंपनीला १ लाख २० हजार पौंडांचा दंड केला. साडेसहा हजार कर्मचाऱ्यांपैकी फक्त २ टक्क्यांना डेटा सुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं होतं, हेही त्या चौकशीत समोर आलं.

दुसरी घटना जपानच्या आमागासाकी शहरातली. जून २०२२ मध्ये महापालिकेसाठी काम करणाऱ्या कंत्राटी कंपनीचा एक कर्मचारी शहरातल्या सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला ड्राइव्ह बॅगेत घेऊन निघाला, वाटेत सहकाऱ्यांसोबत दारू प्यायला आणि रस्त्यावरच झोपला. जाग आली तेव्हा बॅग नव्हती. बॅकअप म्हणून केलेला दुसरा ड्राइव्हही त्याच बॅगेत होता. नावं, पत्ते, जन्मतारखा, काहींचे बँक खाते क्रमांक, सगळं त्यात. फरक एवढाच की हा डेटा एन्क्रिप्ट केलेला होता. काही दिवसांनी बॅग सापडली आणि माहिती बाहेर गेल्याचा पुरावा मिळाला नाही. पण मधल्या काळात पासवर्ड १३ अक्षर-अंकांचा असल्याचं अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेतच सांगून टाकलं होतं. शहराचं नाव इंग्रजीत लिहून पुढे २०२२ जोडलं तर बरोबर १३ होतात, हे सोशल मीडियावर लोकांनी लगेच मोजून दाखवलं.

तुमच्या-आमच्या ड्राइव्हवर विमानतळाचे नकाशे नसतात, पण आधार असतं. यूआयडीएआयवरून डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. त्याच ड्राइव्हवर शेजारी तुमचा जन्मदाखला असेल तर कुलपाला किल्ली लावून ठेवल्यासारखंच आहे. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार वापरा.

कुलूप लावायचे मार्ग सोपे आहेत. विंडोज प्रोमध्ये 'बिटलॉकर टू गो' आहे. होम आवृत्तीत तसा ड्राइव्ह उघडता येतो, पण नव्याने लॉक करता येत नाही. 'व्हेराक्रिप्ट' मोफत आणि भक्कम आहे, मात्र ऑफिसच्या किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते चालवायला अनेकदा अ‍ॅडमिनची परवानगी लागते. रोजच्या वापराला माझ्या मते सगळ्यात सोयीचं '७-झिप'. महत्त्वाच्या फाइलची एक झिप करायची, एईएस-२५६ निवडायचं आणि लांब पासवर्ड द्यायचा. गाणी, सिनेमे बाहेर मोकळे राहू द्या. हा पासवर्ड विसरलात तर मात्र कोणीही काही करू शकणार नाही.

आणि दुसऱ्याचा ड्राइव्ह सापडला तर? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात मुद्दाम २९७ ड्राइव्ह टाकून ठेवले होते. त्यातल्या निदान ४५ टक्के ड्राइव्हवरच्या फाइल लोकांनी उघडल्या, पहिला ड्राइव्ह तर सहा मिनिटांच्या आत लावला गेला. बहुतेकांना मालकापर्यंत तो पोचवायचा होता. हेतू चांगला, तरीही लावू नका. कॉलेज असेल तर ऑफिसात द्या, दुकान असेल तर काउंटरवर. तुमचा ड्राइव्ह परत यावा असं वाटत असेल तर त्यावर 'मालक' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवण्यात अर्थ नाही, कारण ती वाचायला तो लावावा लागेल. टोकाला असलेल्या बारीक भोकातून जाड, रंगीत दोरा ओवा आणि दोऱ्याला फोन नंबरची चिठ्ठी लावा. दिसायला गावठी दिसेल, पण दुकानातल्या कॉम्प्युटरला विसरून यायची शक्यताही त्यानेच कमी होते.

काढताना आणि टाकून देताना

'इजेक्ट' करायलाच हवं का? विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ सेटिंग आहे. म्हणजे कॉपी पूर्ण झाली असेल तर थेट काढला तरी सहसा नुकसान होत नाही. मॅकवर आणि लिनक्सवर मात्र इजेक्ट कराच, तिथे पडद्यावर कॉपी संपल्यानंतरही प्रत्यक्ष लिखाण चालू असू शकतं. कुठल्याही कॉम्प्युटरवर कॉपी सुरू असताना ओढून काढला तर ती फाइल गेली, आणि कधी सगळी यादीच बिघडते.

जुना ड्राइव्ह भावंडाला देताना नुसतं डिलीट किंवा 'क्विक फॉरमॅट' पुरत नाही. त्यात फाइलची यादी पुसली जाते, फाइल नाही, आणि मोफत रिकव्हरी सॉफ्टवेअर त्या परत आणतं. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो सगळ्या ड्राइव्हवर शून्यं लिहितो. ६४ जीबीला बराच वेळ लागेल. आणि ड्राइव्ह चालूच होत नसेल, तर पुसताही येणार नाही. तेव्हा पक्कडीने त्या काळ्या तुकड्याचे दोन भाग करा आणि ते ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.